गच्चीवरचा मॉर्निंग शो

आमच्या पिढीनं विज्ञानपट पाहिले कमी आणि ऐकले जास्त. हे सांगितलं की आजची मुलं तोंडाकडे बघत राहतात. पिक्चर ऐकायचा म्हणजे? पॉडकास्ट होता का? पॉडकास्ट नव्हता. मे महिना होता, गच्ची होती, आणि ज्याच्या खिशात तिकिटापुरते पैसे निघतील असा पोरगा गल्लीत एखादाच होता. तो सकाळी सायकल हाणत नागपूरच्या सदर भागात जायचा, पिक्चर पाहून यायचा आणि रात्री तोच पिक्चर आम्हा सगळ्यांना तोंडानं दाखवायचा. ‘टाइम मशिन’पासून ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’पर्यंत ज्या चित्रपटांचं वेड पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही, त्यांतले निम्मे आम्ही असे गादीवर उताणे पडून ऐकलेले आहेत.

नागपूरला इंग्रजी पिक्चर यायचा तो स्वतःच्या सवडीनं. आधी तो मुंबईला उतरणार, तिथे त्याचं यथेच्छ कौतुक होणार, मग केव्हातरी सीपी-बेरारची आठवण निघणार. मध्यप्रांत आणि वऱ्हाड नकाशावरून कधीच गेले, पण चित्रपटांच्या धंद्यात ते अजून शाबूत आहेत; वितरकांच्या हिशेबात आमचा मुलूख आजही सीपी-बेरारच. रिळांचे पत्र्याचे डबे गावोगाव फिरत आमच्यापर्यंत पोचायचे तोवर त्यातला भविष्यकाळ शिळा झालेला असायचा. जॉर्ज पालचा ‘द टाइम मशिन’ १९६० चा. आमच्या वाट्याला तो आला ऐंशीच्या आसपास, मॉर्निंग शोला. त्यातला शास्त्रज्ञ यंत्रात बसून पुढे पुढे जातो, १९१७ ला थांबतो, १९४० ला थांबतो, आणि १९६६ ला पोचतो तर लंडनवर अणुहल्ला, लाव्हा, सगळं बेचिराख. माझ्या थोरल्या बहिणीचा जन्म १९६६ चा. त्या वर्षी असं काही झालं असतं तर घरी कोणीतरी बोललं असतं, असं आम्हाला वाटलं. पण विश्वास शास्त्रज्ञावरच ठेवला.

आता भविष्यकाळ वेळेवर येतो. नवा पिक्चर न्यूयॉर्कला आणि नागपूरला एकाच आठवड्यात लागतो, कधी कधी तर आपल्याकडे एखादा दिवस आधी. आणि जुना म्हणाल तर खिशातच असतो. १९०२ चा मेलिएसचा चंद्रप्रवास, ज्यात चंद्राच्या डोळ्यात रॉकेट रुततं, तो आम्ही एका पुस्तकातल्या पुसट फोटोत पाहिला होता आणि त्या एका फोटोवर वर्षभर चर्चा केली होती. परवा व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर शेजारच्या ऑटोतला मुलगा तोच पिक्चर मोबाइलवर पाहत होता. सिग्नल सुटायच्या आत त्याचा अंगठा पुढच्या कशावर तरी गेला होता. हेवा वाटला की राग आला, ते अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा पैशांच्या आधी परवानगी लागायची. ‘मॉर्निंग शो’ हे दोन शब्दच बदनाम होते. सकाळच्या इंग्रजी पिक्चरला जाणारा मुलगा हातचा गेला, असं वडीलधाऱ्यांचं ठाम मत. आणि काही थिएटरांपुरतं ते अगदीच चुकीचं होतं असंही नाही. अशा वेळी विज्ञान कामाला यायचं. “बाबा, सायन्सचा आहे.” बाबा पेपर जवळ ओढून जाहिरातीवर बोट ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि शिक्षणाधिकाऱ्याच्या गांभीर्यानं विचारत, “यात शिकण्यासारखं काय आहे?” ‘फँटास्टिक व्हॉयेज’ला होकार चटकन मिळाला. पाणबुडी सूक्ष्म करतात, माणसाच्या रक्तवाहिनीत सोडतात, हृदय, फुप्फुस, मेंदू अशी सफर. म्हणजे रक्ताभिसरणाचा धडाच. त्या पाणबुडीत रॅकेल वेल्चही बसलेली आहे, ही बाब आम्ही अर्जात नमूद केली नव्हती. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’साठी डार्विनला पुढे करावं लागलं. ‘द फ्लाय’मध्ये माशीचं डोकं माणसाला लागतं हे सांगितल्यावर बाबांनी एवढंच म्हटलं, “मग तुला काय फरक पडणार?” आणि परवानगी दिली.

आता माझ्या मुलीला परवानगी लागत नाही, पासवर्ड लागतो, आणि तो तिनंच बसवलेला असल्यामुळे मीच तिला मागतो. पडद्यावर कोपऱ्यात वयाची खूण येते, हिंसा आहे, भाषा आहे, धूम्रपान आहे. शिकण्यासारखं काय आहे हे तेवढं कोणी लिहीत नाही. बाबांचा तो प्रश्न आम्हाला छळ वाटायचा. पण त्याचं उत्तर जुळवता जुळवता पिक्चर पाहण्याआधीच त्याचा निम्मा अभ्यास होऊन जायचा, हेही खरं आहे.

ज्यांना परवानगी नाही आणि पैसेही नाहीत, त्यांच्यासाठी थिएटरच्या बाहेर ‘फोटो’ असायचे. जाळीमागच्या किंवा काचेमागच्या फळीवर टाचण्यांनी लावलेले आठ-दहा फोटो, कडा वळलेल्या, एखादा उलटा लागलेला. ते पाहायला पैसे पडत नसत. पिक्चर बदलला की आम्ही सायकली फिरवत फोटो पाहायला जायचो. एका फोटोत राक्षसी मुंगी, दुसऱ्यात टोपी हातात धरून पळणारा माणूस, तिसऱ्यात टेलिफोनवर बोलणारी बाई. एवढ्या सामानावर आम्ही उभ्या उभ्या अख्खी कथा रचत असू. ‘देम!’ हा १९५४ चा मुंग्यांचा पिक्चर पुढे मोठेपणी मी पाहिला तेव्हा त्या बाईला फोनवर जे काही बोलायचं होतं ते आमच्या कथेतल्याइतकं महत्त्वाचं निघालं नाही.

आणि थिएटरात शिरलोच, तर आत काय सुख होतं? खुर्चीत ढेकूण, पाठीत स्प्रिंग, पंखा असायचा तो दुसऱ्याच्या डोक्यावर. आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, त्यात धरण किंवा पूर, मग जाहिरातींच्या स्लाइड आणि त्यानंतर परग्रह. मागच्या चौकोनी झरोक्यातून प्रकाशाचा झोत यायचा, त्यात बिडीचा धूर वळत वर जायचा, आणि कार्बनच्या कांड्या जळून आखूड झाल्या की पडदा पिवळट होत जायचा. मग आत कोणीतरी कांडी पुढे सरकवी आणि एकदम लख्ख व्हायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की जाणती पोरं कुजबुजायची, “रीळ बदलते आता.” आम्ही काही जण तर पडद्यापेक्षा त्या ठिपक्याचीच वाट पाहत बसायचो. दुसऱ्या प्रोजेक्टरवरून पुढचं रीळ सांधा न दिसता सुरू झालं की आत बसलेल्या त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दल जो आदर वाटायचा, तो पुढे फार थोड्या लोकांबद्दल वाटला.

इंग्रजी ओ की ठो कळत नसे. शिवाय प्रिंट इतकी हिंडलेली असायची की तुटलेली जोडता जोडता तिच्यातले तुकडेच्या तुकडे गळालेले असत. नायक दाराच्या कडीला हात घालतो तो थेट विमानात बसलेला. या सगळ्यावर आमचं एकच स्पष्टीकरण होतं: “कापलाय बे.” उडी दिसली की कापलाय. कळलं नाही की कापलाय. नायिका रडायला लागली आणि का ते समजेना, की ती का रडते तो भाग कापलाय. कुठेतरी, बहुधा मुंबईत, तो पिक्चर पूर्ण, सलग, अर्थ लागेल असा अस्तित्वात आहे, अशी आमची श्रद्धा होती. कुब्रिकच्या ‘२००१’ वर तर ती श्रद्धा अढळ झाली. तो पाहून आलेला पोरगा म्हणाला, “काहीच समजलं नाही, पण जाऊन ये.” इतकं प्रामाणिक परीक्षण मी नंतर कुठल्याच पेपरात वाचलेलं नाही.

आता एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल आहे आणि मॉलमध्ये मल्टिप्लेक्स. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल. तिथे आता परग्रहवासी थ्री-डीत अंगावर येतात आणि नाचोजवर चीज जास्त हवं का असं कोणी विचारतं. खुर्ची मागे सरकते, आवाज पाठीमागूनही येतो, एक फ्रेम गळत नाही, खाली अक्षरं येतात. सगळं चांगलं आहे. यात काही म्हणजे काही वाईट नाही, आणि जुन्या ढेकणांसाठी गळा काढणाऱ्याला खुशाल त्या खुर्चीत नेऊन बसवावं. फक्त आता कोणी मागे वळून पाहत नाही, कारण मागे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण खरा पिक्चर सुरू व्हायचा तो रात्री, गच्चीवर. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की घराचं छत संध्याकाळपर्यंत धगधगत राहायचं. सूर्य कलला की आम्ही पोट्टे बादल्यांनी गच्चीवर पाणी मारायचो. पहिल्या बादलीची वाफ व्हायची, दुसरीचा वास यायचा, तिसऱ्या-चौथ्यानंतर कुठे स्लॅब नरम पडायचा. मग गाद्या वर चढायच्या, कोपऱ्यात सुरई, उशाशी बॅटरी. शेजारच्या गच्चीची भिंत इतकी ठेंगणी, की तिकडची गादी आणि इकडची गादी वेगळी धरायची पद्धतच नव्हती. खाली मोठ्या माणसांचा कूलर घरघरत असायचा. वर चांदण्या. आमच्या रेशीमबागेत तेव्हा त्या दिसायच्या.

सांगणारा आमचा दादा. सख्खा नव्हे, गल्लीचा. वडील रेल्वेत, त्यामुळे घरात शिस्त कमी आणि सुटे पैसे जास्त. तो पिक्चर सांगायला सुरुवात करायचा ती तिकिटाच्या रांगेपासून. कोण भेटलं, ब्लॅकवाला काय म्हणाला, डोअरकीपरनं कोणाला हाकललं, मग डॉक्युमेंटरी, मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट, आणि मग, आवाज खाली आणून, “अंधार.” पार्श्वसंगीत तोच द्यायचा. इंग्रजी संवादही इंग्रजीतच म्हणायचा, मात्र ते इंग्रजी त्याचं स्वतःचं असे. मध्येच म्हणायचा, “इंटरव्हल,” आणि उठून पाणी प्यायचा, तेव्हा आम्हीही उठून पाणी प्यायचो. मध्ये प्रश्न विचारणाऱ्याला गच्चीवरून खाली पाठवण्याची शिक्षा होती.

‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ त्यानं लिबर्टीत पाहिला होता. सांगायला त्याला दोन रात्री लागल्या. शेवटी नायक घोड्यावरून समुद्राच्या काठाकाठानं जातो, एकदम थांबतो, खाली उतरतो, गुडघ्यांवर बसतो आणि वाळूवर मुठी आपटत रडतो.

“काहून रडते बे तो?”

“समोर पुतळा असते.”

“कोणाचा?”

“मले काय माहीत? बाईचा होता. अर्धी वाळूत बुडाली होती. हातात मशाल.”

गच्चीवर शांतता पसरली. एकाचं म्हणणं पडलं, ती त्याची आई. एकाच्या मते देवी, आणि ती पावणार होती पण उशीर झाला. ज्या थिएटरात त्यानं तो पुतळा पाहिला त्या थिएटराच्या पाटीवर त्या पुतळ्याचं नाव लिहिलेलं होतं, पण तेवढा भूगोल-इतिहास आमच्यात कोणालाच येत नव्हता. त्यामुळे तो ग्रह म्हणजे आपलीच पृथ्वी, हा त्या चित्रपटाचा सारा झटका आम्हाला बसलाच नाही. बसला तो वेगळाच: इतका मोठा माणूस एका अनोळखी बाईच्या पुतळ्यापुढे का रडतो? त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत जागे होतो. पुढे खरा शेवट कळला तेव्हा तो थोडा सोपाच वाटला.

आता शेवट सांगणं हा गुन्हा झाला आहे. मुलगी सिनेमा पाहून आली की मी सवयीनं विचारतो, “काय झालं शेवटी?” ती कानांवर हात ठेवते, जणू तिलाच कोणी तो सांगणार आहे. “बाबा, स्पॉयलर!” तेव्हा शेवट न सांगणाऱ्याला मार पडायचा, आता सांगणाऱ्याला ग्रुपमधून काढतात. आणि गंमत अशी, की इतकं जपून, कान झाकून, कोऱ्या मनानं पिक्चर पाहून झाला की हीच मुलं घरी येऊन त्याच पिक्चरचा शेवट समजावून देणारा व्हिडिओ लावतात. आधी मित्रानं एक अक्षर सांगू नये, नंतर अनोळखी माणसानं सगळं समजावून सांगावं. तो अनोळखी माणूस हुशार असतो, यात शंका नाही. चार बाण काढून, दोन फ्रेम थांबवून तो पुतळा कोणाचा हे अचूक सांगतो. देवीची शक्यता त्याच्या व्हिडिओत येत नाही.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. ‘आम्ही’, ‘आम्ही’ असं मी म्हणतो आहे, ते सगळे मुलगे होते. सदरला सायकलनं जाणारे मुलगे, फोटो पाहणारे मुलगे, डार्विन वापरणारे मुलगे. मॉर्निंग शोला मुलगी गेली असं आमच्या गल्लीत घडलेलं मला आठवत नाही. माझ्या ताईनं त्या काळात यातला एकही पिक्चर पाहिला नाही. आई गेल्यावर तर सकाळ म्हणजे तिला स्वयंपाकघरच होतं. आणि गच्चीवर तिची गादी दूर, बायकांच्या बाजूला.

पण ऐकायला भिंत कुठे असते! दादा इकडे सांगायचा, ती तिकडून ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गहू निवडताना गल्लीतल्या मुलींना तो पिक्चर सांगायची. तिचा पिक्चर दादाच्या पिक्चरपेक्षा सरस असायचा. दादाला लढाया सांगता यायच्या, ताईला माणसं. ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’मधला माणूस दिवसेंदिवस लहान होत जातो, पुढे बाहुलीच्या घरात राहतो. दादानं त्यातली कोळ्याशी झुंज सांगितली. ताईनं त्याच्या बायकोची पंचाईत सांगितली, की जेवायला किती वाढायचं, आणि झाडताना कुठे पाहायचं. ‘टाइम मशिन’मध्ये यंत्राच्या खिडकीतून समोरच्या दुकानातली पुतळी दिसते, तिच्या अंगावरचे कपडे भराभर बदलत जातात आणि त्यावरून वर्षं सरलेली कळतात. हे दादानं एका वाक्यात उरकलं होतं. ताई त्या पुतळीवर अर्धी दुपार काढायची, कपड्याच्या एकेका फॅशनसह.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताईच्या ‘टाइम मशिन’मध्ये एक प्रसंग वाढला. शास्त्रज्ञ भविष्यात जाण्याआधी यंत्राचा दांडा उलटा ओढतो आणि आधी मागे जातो, आपल्या आईला भेटायला. ती अंगणात काहीतरी निवडत बसलेली असते. तो तिला आपण कोण ते सांगत नाही, पाणी मागून पितो आणि निघतो. मी पिक्चर स्वतः पाहिलेला होता. तरी मी काही बोललो नाही.

आज ताईची सून एकटी रात्रीचा शेवटचा शो पाहून स्कूटीवर घरी येते आणि कोणाच्या भुवया वर जात नाहीत. तो गच्चीवरचा काळ परत आणण्यासाठी हे द्यायचं असेल, तर तो काळ गेला तिथेच बरा.

दूरदर्शननं ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ लावलं तेव्हा रविवारची सकाळ पहिल्यांदाच मुलामुलींना एका खोलीत घेऊन बसली. शेजाऱ्यांकडे, ब्लॅक अँड व्हाइट संचासमोर, चपला बाहेर काढून. पुढे रंगीत टीव्ही आल्यावर कळलं, की त्या यानावर जो लाल शर्ट घालतो तो बहुधा मरतो. आमच्या संचावर सगळ्यांचे शर्ट राखाडी होते, त्यामुळे प्रत्येकाचाच जीव टांगणीला लागलेला असायचा. शिवाय पुस्तकं होती. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता, आणि जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ १९७९ मध्ये आली होती. त्यामुळे कृष्णविवर म्हणजे काय हे गहू निवडणाऱ्या मुलींना ‘इंटरस्टेलर’च्या तीसेक वर्षं आधी ठाऊक झालं होतं. व्हिडिओचा काळही आला, वर्गणी काढून एका रात्रीत तीन पिक्चर पाहण्याचा. त्यातलं डोळे चोळण्यापलीकडे फारसं आठवत नाही.

मग नव्वदीच्या मध्यावर केबल आली. कार्टून नेटवर्क दिवसभर चालायचं आणि रात्री नऊच्या ठोक्याला त्याच जागी टीएनटी सुरू व्हायचं, म्हणजे एमजीएमचे जुने पिक्चर. घराघरांत लहान मुलं त्या क्षणी भोकाड पसरायची आणि आमच्यासारखे नोकरीला लागलेले घोडे रिमोट हिसकावायचे. ऐकलेले पिक्चर असे एकेक करून दिसले. काही ठिकाणी दादाची लबाडी उघडी पडली. ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला रॉबी हा यंत्रमानव त्याच्या सांगण्याप्रमाणे पाण्याच्या टाकीएवढा होता; प्रत्यक्षात माणसाहून थोडाच उंच निघाला. गॉडझिलाच्या पोटात माणूस आहे हे नीट पाहिलं की कळतं. बायका किंचाळण्यापुरत्या, शास्त्रज्ञ पाइप ओढण्यापुरते, आणि परग्रहावरून आलेला प्रत्येक शत्रू दुरून रशियन वाटावा असा. खरं सांगायचं तर यातले बरेच पिक्चर टुकार आहेत. ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला अदृश्य राक्षस मात्र दादाचाच भारी होता. अदृश्य गोष्ट दाखवायला अंधाऱ्या गच्चीसारखी जागा नाही.

एक सल मात्र तेव्हाही होता आणि आताही आहे. परग्रहवासी नागपूरला येत नाहीत. वास्तविक यायला हवेत. देशाचा मध्य म्हणून मिरवणारा झीरो माइलचा दगड आमच्याकडे, शेजारी चार घोडे उधळलेले. आकाशातून पत्ता शोधणाऱ्याला याहून सोयीचं काय असू शकतं? पण ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये ते वॉशिंग्टनला उतरले. स्पीलबर्गनं ‘क्लोज एन्काउंटर्स’साठी भारतातलं दृश्य महाराष्ट्रात घेतलं, तर ते खालापूरजवळच्या हाळ गावात, म्हणजे तिकडेच, मुंबईच्या बाजूला. अगदी राजकुमार हिरानी, आमच्या नागपुरात जन्मलेला, इथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्यांचा मुलगा, त्यानं २०१४ मध्ये ‘पीके’ काढला, आणि त्याचा परग्रहवासी उतरला राजस्थानात. विदर्भाचा अनुशेष म्हणतात तो हा. सिंचनाचा भरून निघेल एक वेळ.

तसं म्हटलं तर खरोखरचं काही आकाशातून पडलं ते विदर्भातच. लोणारचं सरोवर त्याची साक्ष आहे. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून अख्खा देश वर बघत होता तेव्हा आम्हीही पावसात छत्री मागे टाकून पाहत होतो. ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात, आणि आम्ही चक्क हिरमुसलो. घाबरायचं म्हणून किती तयारी केली होती! मग २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून पेटलेल्या रेघा गेल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटचा तो भाग असल्याचं पुढे समोर आलं. त्या रात्री आमच्या सोसायटीतले सगळे गच्चीवर धावले, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. गच्चीला कुलूप होतं. चौकीदारानं किल्ली आणेपर्यंत रेघा विझल्या होत्या, पण फोनवर सगळ्यांच्या त्या आल्या होत्या, चंद्रपूरच्या, यवतमाळच्या, जळगावच्या. प्रत्येकानं दुसऱ्याला आपला फोन दाखवला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं राहिलं काय होतं?

‘आताच्या मुलांना’ असं वाक्य जिभेवर येतं तेव्हा मी जरा सावध होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘इंटरस्टेलर’ पुन्हा थिएटरांत लागला. घरोघरी फोनवर असलेला, दहा वर्षांपूर्वीचा पिक्चर. मी आरामात जाऊ म्हणून गेलो तर बहुतेक जागा विशीतल्या पोरापोरींनी भरलेल्या. संवाद त्यांना पाठ होते आणि शेवट अर्थातच ठाऊक होता. तरी काही जण रडत होते. स्मरणरंजन करणाऱ्याच्या पोटावर पाय आणतात ही मुलं.

ताईनं ‘टाइम मशिन’ गेल्या दिवाळीत पाहिला, आयुष्यात पहिल्यांदा, सुनेनं टीव्हीवर लावून दिला तेव्हा. मी शेजारी होतो. पुतळीचे कपडे बदलू लागले तेव्हा ती पुढे सरकून बसली आणि “रंग छान आहेत,” म्हणाली. पुढे ते निळ्या कातडीचे राक्षस आल्यावर तिनं सरळ रिमोट उचलून तो बंद केला आणि मांडीवरच्या नातीला उरलेली गोष्ट तोंडानं सांगितली. तिच्या पद्धतीनं, मागे जाऊन आईला भेटण्यासकट.

नात आठ वर्षांची आहे आणि तिला खात्री करून घ्यायची सवय आहे. तिनं दुसऱ्या दिवशी पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा पाहिला आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, “आजी, यात तो आईकडे पाणी पितो तो सीन नाहीये.”

“कापला असेल,” ताई पोळी उलटत म्हणाली.

तेव्हापासून ती पोरगी आईच्या फोनवर त्या पिक्चरची न कापलेली आवृत्ती शोधते आहे. मलाही दोनदा फोन आला, मामाआजोबा, तुमच्याकडे आहे का म्हणून.